पडद्यावरच्या कुसुमबाई

माणिकराव बोथ गावच्या मराठी शाळेतून निवृत्त झाले, त्याच वर्षी कुसुमबाईंना रस्ते आठवेनासे झाले. आधी त्या इचोड्याच्या बाजारात चुकल्या, मग गल्लीत, पुढे घरातल्या घरात मोरी सापडेना. मूलबाळ नव्हतं. शेजारणी सुरुवातीला येत. कुसुमबाई त्यांना चोर समजून ओरडू लागल्या, तशा त्याही थांबल्या. माणिकराव चुलीपाशी एकटेच बोलत राहायचे.

सत्त्याण्णव साली भाचा केशव आला. हैदराबादेत एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिकवायचा. डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकाचा झटका दिला, तर आत मेंदूत वीज कुठवर पोचते, हे तो कॉम्प्युटरवर माणसाचं डोकं तयार करून मोजत होता. मामींच्या डोक्याचा स्कॅन मिळाला तर कामाला येईल, असं तो चाचरत म्हणाला. माणिकरावांनी त्यातून इलाजच ऐकला.

हैदराबादेत स्कॅनच्या यंत्राच्या आवाजाने कुसुमबाई भेदरल्या. माणिकराव त्यांचे पाय धरून उभे राहिले. मग महिनाभर दोघं केशवकडेच राहिली.

डोकं तयार झालं तेव्हा केशवने मामांना कॉलेजात बोलावलं. कुसुमबाई बाहेर बाकावर केशवच्या बायकोजवळ बसल्या. पडद्यावर आधी कातडी उमटली. नाक, कान, हनुवटी, सगळं कुसुमबाईंचंच. चेहऱ्यावर भीती नव्हती. मग केशवने कातडी काढली, हाड काढलं. मेंदू आकसून कवटीपासून लांब गेला होता, मधे पाणी भरलेलं. वेटोळ्याच्या विजेचा लाल रंग खाली जाता जाता फिका पडत होता.

"धडधाकट माणसात पोचते, मामा. इथं कमी पडून राह्यली," केशव म्हणाला.

"मंग जोर वाढव."

"पडद्यावर वाढवतो. पन मामींना त्यानं काय होईल, मलेच ठाऊक नाही. हे नुसतं गणित आहे."

माणिकरावांनी कातडी पुन्हा घालायला सांगितली. केशव चहा आणायला गेला, तेव्हा ते त्या चेहऱ्याशी बोलू लागले. शेजारची राहीबाई वारली, शाळेला नवं छप्पर आलं, अंगणातला पेरू वठला, वर्षानुवर्षं साचलेलं सगळं. बाहेरून कुसुमबाईंचं रडणं कानावर आलं आणि ते ओशाळून उठले.

परतीच्या बसमध्ये निर्मल गावाच्या पुढे कुसुमबाईंनी विचारलं, "तुमी कोनाच्या घरचे?"

"तुमच्याच," ते म्हणाले. कुसुमबाईंना ते पटलं नसावं. त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुमबाई गेल्या. तेराव्याला आलेल्या केशवने तो चेहरा कागदावर छापून देऊ का, म्हणून विचारलं. माणिकरावांनी नकारार्थी मान हलवली.

"तुह्या कामासाठी ठेव," ते म्हणाले. "पडद्यावरची ऐकून घेते, पन मले कोनी शेजारी बसाले पायजे होतं."

केशव दुपारच्या बसने गेला. माणिकरावांनी एका माणसापुरती भाकर थापली.