काचेवरची पिवळी रेघ

डॉ. यशवंतराव कागवाडकर यांना मी प्रथम पाहिले ते जिन्यात. हेब्बाळच्या तळ्यापलीकडे संशोधनाची एक जुनी इमारत होती आणि मी तिथे शिपाई होतो. सर एक जड लाकडी पेटी स्वतःच गच्चीवर चढवत होते. मी धावलो, तर म्हणाले, "अण्णा, स्वल्प खालून धरा. सोडू मात्र नका, आत काच आहे." त्या कानडी मुलखातल्या इमारतीत कुणीतरी मराठीत बोलले म्हणून बरे वाटले, आणि काच फुटेल या भीतीने मी प्रत्येक पायरीवर थांबू लागलो. सरांच्या हाताखालची माझी सगळी वर्षे अशीच गेली.

सरांच्या साठीनिमित्त ग्रंथ निघतो आहे आणि मी त्यात लिहावे, असा मंडळींचा आग्रह. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. मला जे सांगायचे आहे ते आनंदाचे नाही आणि त्यात चूक माझी आहे. सरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "लिहा की. नोंदवहीत आहेच ते."

सरांचे काम त्यांनी मला समजावले तसे लिहितो. सूर्य मावळला की जमिनीवर अंधार होतो, पण पन्नास-साठ मैल वर अजून ऊन असते. तिथे सोडियम नावाच्या धातूचा विरळ थर आहे. ऊन लागले की तो पिवळा उजळतो. यंत्रात फोटोची काच घालून आकाशाकडे तोंड केले की काचेवर त्या उजेडाची रेघ उमटते. हा धातू जळणाऱ्या उल्कांतून येतो का, हे सरांना पाहायचे होते. तसे असेल तर उल्का पुष्कळ पडतात त्या दिवसांत रेघ ठळक यावी.

सरांचा एक नियम होता. गच्चीवर जे घडेल ते नोंदवहीत लिहायचे. "कावळा बसला तरी लिहा, अण्णा. काय उपयोगी पडेल ते आज कळत नाही." माझ्या मोडक्या अक्षराला ते कधी हसले नाहीत. मी कावळे लिहिले, ढग लिहिले, येलहंक्याकडून गेलेली विमाने लिहिली. एक गोष्ट लिहिली नाही.

तारे तुटणे आमच्याकडे वाईट मानतात. सर म्हणत, "या आठवड्यात उल्का पडतील," आणि मला भीती वाटे. कातरवेळी काच उघडून सर घड्याळ जुळवायला खाली जात. तेवढ्यात मी कॉफीची शेगडी यंत्राजवळ ओढी, यंत्रावरून आणि तिथे अडकवलेल्या सरांच्या कोटावरून मीठ-मोहऱ्या ओवाळी आणि निखाऱ्यांवर टाकी. फक्त तारे पडायच्या दिवसांत. बाकीच्या दिवशी भीती नसे.

त्याच दिवसांत रेघ ठळक येऊ लागली. सरांना इतके आनंदी मी कधी पाहिले नव्हते. लेख गेला, उत्तरेकडच्या एका थंड देशातून सभेचे बोलावणे आले. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही चांदीसारखे चमकणारे ढग दिसतात, फार उंचावरचे. आपल्याकडून ते दिसत नाहीत. सरांना ते आयुष्यात एकदा पाहायचे होते. वहिनीसाहेबांनी त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला.

मग एके दुपारी सरांनी यंत्र तपासायला स्पिरिटचा दिवा लावला आणि ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले. मी विचारले, "सर, मीठ कशाला?"

"मीठ जळलं की हीच पिवळी रेघ येते. मिठात तोच धातू आहे."

म्हणजे काचेवर ठळक आली होती ती माझ्या शेगडीतल्या मिठाची रेघ. तरी मी आठ दिवस गप्प राहिलो. नोकरी जाईल, घरी काय सांगू, हेच डोक्यात. तिकडे स्वेटरची एक बाही पुरी झाली. नवव्या दिवशी मी गच्चीवर सरांचे पाय धरले आणि सगळे सांगितले.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"तारे पडायचे तेव्हा तेव्हा, सर."

सर कठड्यावर बसले. म्हणाले, "मोहऱ्यापण टाकत होता?"

"हो सर."

"मोहऱ्यांची रेघ कुठं दिसली नाही बघा."

मला रडू फुटले. सरांनी नोंदवही पुढे केली. "लिहा. मीठ, किती, केव्हा. तारखा आठवतील तेवढ्या घाला. सही नको." त्यांनी तार करून लेख परत मागवला आणि 'देखरेखीतील माझी चूक' एवढेच कारण दिले. माझे नाव कुठेही घेतले नाही. बोलावणे रद्द झाले. सरांना मिळायची होती ती मोठी जागा दुसऱ्याला मिळाली. दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "अण्णा, काच पुसली का?" पुढे कित्येक वर्षे त्यांनी पहिल्यापासून सगळे मोजले. आलेली रेघ फिकी होती, तीच त्यांनी छापली. तिचे कुणी कौतुक केले नाही.

आता सर मल्लेश्वरमच्या घरी असतात. छातीच्या दुखण्याने जिना बंद झाला आहे. तो स्वेटर भर दुपारीही अंगात असतो. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनीसाहेब म्हणाल्या, "अण्णा, यांची एकदा दृष्ट काढा. मला काही बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "त्या दिवसापासून मी या कामासाठी मीठ हातात घेतलेलं नाही."

सर म्हणाले, "काढा हो. आता वर कुठं काच लावलेली नाही."

मी ओवाळले. मीठ निखाऱ्यांवर तडतडले, पिवळी ज्वाळा उठली. सर तिच्याकडे बघत राहिले. "रंग तोच आहे, अण्णा. फक्त पन्नास-साठ मैल खाली."

मी सरांपेक्षा वयाने मोठा आहे, तेव्हा माझा नंबर आधी लागावा, ही माझी पहिली मागणी देवाकडे. दुसरी त्या मिठाकडे. सरांच्या काचा त्याने बिघडवल्या. आता एवढे तरी करावे, सरांच्या छातीचे दुखणे घेऊन जावे आणि ते चांदीचे ढग पाहून येण्याइतके धड आयुष्य त्यांना द्यावे.