खुन्याची पावलं आणि बाबांची हळद

मी एका थरारपटाला संगीत दिलं आहे, आणि आमच्या घरात जेवताना हा विषय काढायला बंदी आहे.

थरारपट काढला माझा आतेभाऊ सुदाम याने. आखाडा बाळापुरात तो लग्नाचं शूटिंग करायचा. गावोगाव सीडीवर सिनेमे बघायचे ते दिवस, आणि सुदामला नवरानवरीचा कंटाळा आला होता. मी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचो, म्हणून (आणि त्याच्या ओळखीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून) संगीतकार मी. ऑर्केस्ट्रा आमचाच बँड. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे माझ्या कीबोर्डचं एक बटण. ते दाबलं की कुडकुडणाऱ्या कुत्र्यासारखा आवाज यायचा.

खुनी येतो तेव्हा जमीन हादरल्यासारखं काहीतरी हवं होतं. ते आमच्याच खळ्यात सापडलं: हळद पॉलिश करायचा लोखंडी ढोल! आत वाळलेली हळकुंडं टाकून दोघांनी फिरवला की काळजात धस्स करणारी घरघर. रिकामा फिरवून पाहिला, तर नुसता पत्रा वाजला. हळद हवीच होती.

हळद बाबांची होती आणि दुसऱ्या दिवशी वसमतच्या बाजारात जायची होती. तिची जाडी बघायला शेजारच्या गावांतून लोक येत. बाबा माझ्याकडे कधी बघत नसत इतक्या कौतुकाने त्या हळकुंडांकडे बघत. सकाळी शिरड शहापूरला सोयऱ्यांकडे जाताना ते बजावून गेले, "दोन तास फिरव. त्याच्या वर एक मिनिट न्हाई."

पहिल्या टेकला खुनी दाराशी आला, ढोल घरघरला, मी बटण दाबलं आणि ट्रम्पेटवाले मारोतीमामा थेट वरातीच्या चालीत शिरले! पंधरा वर्षं तेच वाजवलेलं, बोटांना दुसरं काही माहीतच नव्हतं. मागोमाग सगळा बँड. पुन्हा घेतलं, पुन्हा वरात. खुनी घोड्यावर बसून येत नाही, हे सुदामने मामांना चारदा समजावलं. ढोल फिरवणारे दोघे तर ठेक्यावर असे रंगले की टेक संपला तरी थांबेनात. हळदीची पूड उडून मी, मामा, सुदाम, कॅमेरा, सगळे पिवळेधमक झालो. शेजारच्या काकू येऊन लग्न कोणाचं आहे आणि आम्हाला आवतन का नाही, असं रागाने विचारून गेल्या.

दिवस कलताना बाबा आले. ढोलाखाली पुडीचा ढीग होता. त्यांनी ढोलात हात घातला. सकाळी अंगठ्याएवढं असलेलं हळकुंड करंगळीएवढं होऊन बाहेर आलं.

"दोन तास म्हणलो होतो ना?"

"बाबा, शेवटचाच टेक होऊन राहिला," मी म्हणालो. (असं का म्हणालो, ते मला आजही कळलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी बाजारात ओळखीच्यांनी बाबांना विचारलं, यंदा हळदीवर रोग पडला काय. रोग पोरावर पडला, असं बाबांनी सांगितलं. मला खरंच वाईट वाटलं.

सिनेमा गावात दाखवला तेव्हा कळलं, सुदामने माईक ढोलाला चिकटवून ठेवला होता. बँड ऐकूच येत नव्हता. माझं बटणही नाही. नुसती घरघर. पण बायांनी पदर तोंडाला लावले, लेकरं रडली. शेवटी संगीतकार म्हणून माझं नाव आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सरपंच बाबांना म्हणाले, पोरानं नाव काढलं.

"त्याचं काहीच न्हाई त्याच्यात," बाबा डोळे पुसत म्हणाले. "ती माझी हळद झिजून राहिली."

त्यानंतर मला एकाही सिनेमाचं बोलावणं आलं नाही. ढोलाला मात्र दर हंगामात चार गावांतून येतं.