गव्हाच्या पिंपातली सिरा

गणराज गेल्यापासून स्वरूपा रडली नव्हती, आणि दापोडीच्या त्या गल्लीत मयतीपेक्षा याचीच चर्चा जास्त होती. बायका जोडीजोडीनं यायच्या, तिच्या गळ्यात पडायच्या, हंबरडा फोडायच्या आणि मधूनच एक डोळा उघडून बघायच्या, हिला पाझर फुटला का. कुठला! ही आपली त्यांच्याच पाठीवरनं हात फिरवायची आणि विचारायची, चहा टाकू का? आता नवरा गेलेल्या बाईनं हे विचारावं? एक म्हणायची, धक्का बसलाय बिचारीला. दुसरी जिना उतरल्यावर म्हणायची, दगड आहे दगड.

दोघींचंही चुकत होतं. तिला काही वाटतच नव्हतं, खरंच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण आपला नसतो, तशी ती त्या घरात वावरत होती. पानात काय आहे, मीठ कमी आहे की जास्त, काही कळत नव्हतं. पुढ्यात येईल ते चावायचं आणि गिळायचं.

गणराज ड्रायव्हर होता. चाकणच्या कंपन्यांना गाड्या पुरवणाऱ्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे. परदेशी साहेब विमानतळावरनं आणायचे, कंपनीत सोडायचे, दिवसभर पार्किंगमध्ये थांबायचं, संध्याकाळी हॉटेलवर पोचवायचं. थांबणं हीच त्याची नोकरी होती म्हणा ना. एका दुपारी असाच सीट मागे करून पडला तो पडलाच. साहेबानं येऊन काच वाजवली, त्याला वाटलं झोपलाय. चाळिशी नुकती ओलांडलेली, ना बीपी, ना शुगर. आणि दारू तर नाहीच. मुक्कामाच्या गाडीवर असताना बाकीचे ड्रायव्हर रात्री बसायचे, हा त्यांना शेंगदाणे सोलून द्यायचा.

म्हणूनच त्या बाटलीची गंमत.

एक फ्रेंच साहेब वर्षभर चाकणला होता. सुट्टी आली की गणराजला म्हणायचा, चल नाशिक. तिकडे एका द्राक्षमळ्यात एक लाल वाइन व्हायची, सिरा नावाची. होऊन होऊन थोड्याच बाटल्या, आणि त्यासाठी मोठमोठी माणसं वर्षवर्ष आधी नाव नोंदवून बसलेली. साहेब आत जाऊन चाखायचा, गणराज बाहेर गाडीपाशी. एकदा साहेबानं ग्लासच बाहेर आणला आणि त्याच्या नाकाखाली धरला. गणराजनं नुसता वास घेतला. घरी येऊन सांगत होता, "वास घेतला तर पोलीस पकडत नाहीत गं. पण काय वास! जांभळाखाली उभं राहून कुणीतरी मिरी कुटतंय बघ."

साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या नावाच्या दोन बाटल्यांतली एक त्यानं गणराजच्या हातात दिली. गणराज जिन्यातूनच ओरडत आला, "स्वरूपा, सिरा मिळाली, सिरा!" ही म्हणाली, "कुणाकडं पूजा होती?" आणि डबा घ्यायला हात पुढे केला. तिला वाटलं शिरा. गणराज हसता हसता दारातच बसला. मग त्या घरात त्या बाटलीला कुणी कधी वाइन म्हटलं नाही. आपला शिरा, बस.

पण प्यायची नव्हती. साहेबानं बजावलं होतं, आत्ता पोर आहे ही, तोंड धरेल. दहा वर्षं अंधारात, गारव्यात, आडवी ठेव, मग बघ. गणराजनं बोटं मोजली आणि खूश झाला. "लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हाच. आपण दोघंच उघडू. तोवर थांबायचं, काय?" ती म्हणाली, "थांबायला काय जातंय?" आता माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत गारवा आणायचा कुठून? शेवटी स्वरूपानंच जागा काढली. पलंगाखालच्या पिंपात, निंबाचा पाला घातलेल्या गव्हात. भर उन्हाळ्यात गव्हात हात घाला, गार लागतो. बाटली गव्हात झोपली. दळणाला गहू काढायचे तर स्वरूपा आधी हात घालून बाटली चाचपायची, तिला धक्का लागणार नाही असं बघायची, मग वाटी बुडवायची. तिची काच हाताला लागली की बरं वाटायचं, हे मात्र तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

तर दहाव्याला सगळे नदीकाठी जमले. गणराजच्या धाकट्या भावानं, खंडूनं, डोक्याचा गोटा करून पिंड मांडला. भात, वडे, त्याला आवडायची ती मेथीची भाजी. सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले. आता दापोडीत कावळे राहिलेत किती? पारवे म्हणाल तेवढे. एक कावळा समोरच्या विजेच्या खांबावर होता, तो मान वाकडी करून बघत होता, पण खाली यायचं नाव नाही.

मग सुरू झाली वचनं. खंडू हात जोडून म्हणाला, "दादा, तुझ्या वर्षालीला मी शिकवीन, माझ्या पोरीसारखी." कावळा ढिम्म. सासूबाई मंजुळाबाई म्हणाल्या, "गणू, मी हितंच राहते सुनेजवळ, गावाकडं न्हाई जात." कावळ्यानं पंख साफ केले. गुरुजींना पिंपरीत दुसरं दहावं होतं. ते घड्याळाकडे बघून हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू का? शास्त्रात आहे."

मंजुळाबाई कडाडल्या. "माझ्या लेकाला गवताचा कावळा? मी बसते रात होईस्तोवर!"

गुरुजी वरमले. "मग आठवा की, कशात जीव होता त्याचा?"

स्वरूपा इतका वेळ खांबाकडे बघत उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "सिरा."

झालं! खंडूची बायको तनुजा स्कूटरवर टांग मारून घरी गेली आणि अर्ध्या तासात वाफाळता शिरा घेऊन आली. तूप सुटलेला, वर काजू, वर केशर. पिंडाशेजारी मूद मांडली. स्वरूपानं सगळं बघितलं, पण चूक दुरुस्त केली नाही. सांगायला तिला जड नव्हतं, सांगायचं नव्हतं. सांगितलं तर बाटली मागतील. आणि बाटली गव्हात आहे तोवर लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कुठंतरी पुढे आहे. वेड्यासारखा विचार होता. तिलाही कळत होतं.

कावळा शिऱ्यालाही येईना. तेव्हा मागे उभा असलेला सयाजी, गणराजच्या जोडीचा ड्रायव्हर, खाकरला. "काकू, शिरा नव्हं. सिरा. ती... वाइन हाय."

"म्हंजी?"

"म्हणजे दारूतलाच प्रकार, पण भारीतला."

"माझा गणू दारू पीत न्हवता!"

"पीत नव्हता म्हणूनच तर अडकलाय ना, आई," खंडू म्हणाला आणि वहिनीकडे वळला. "वहिनी, कुठंय ती?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नाही म्हणता आलं असतं. फुटली म्हणता आलं असतं. पण मंजुळाबाई उन्हात अनवाणी उभ्या होत्या, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता, आणि हात अजून जोडलेलेच होते. स्वरूपा म्हणाली, "गव्हात."

बाटली आली, तिच्या अंगाला दोनचार गहू चिकटलेले. बूच काढायचं कशानं? पण खंडू फिटर आहे. त्यानं गाडीच्या डिकीतनं लाकडाचा स्क्रू काढला, बुचात पिळला, पकडीनं धरला आणि दोन गुडघ्यांत बाटली आवळून ओढला. गुरुजी म्हणाले, "माझी हरकत नाही, पण मी बघत नाही," आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. द्रोणात वाइन ओतली. काळी-जांभळी, शाईच म्हणा. सयाजीनं एक घोट चाखला आणि थुंकलाच. "आयला, ह्याच्यासाठी लोक नंबर लावतात? काढा हाय राव!"

द्रोण पिंडाशेजारी ठेवला. सगळे परत मागे सरले. कावळा तिथंच.

स्वरूपाला तेव्हा उमगलं. आपण दोघंच, असं ठरलं होतं. तो एकटा पिणार नाही. ती पुढे गेली. मागे कुजबुज झाली, कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. तिनं द्रोण उचलला आणि तोंडाला लावला.

आधी जांभळाची साल. मग मिरी, घशात चटका देत गेलेली. आणि मग जीभ अशी धरली की टाळूवरनं सुटेना, गाल आतून ओढले गेले, दात खरखरीत झाले. इतके दिवस जिला मीठ कळत नव्हतं, तिला हे सगळंच्या सगळं कळलं. तिनं द्रोण खाली ठेवला आणि पिंडाकडे बघून, नवऱ्याशी चुलीपुढे बोलावं तसं, म्हणाली, "कच्ची आहे हो अजून. नाही झाली."

ती वळली आणि मागे एकच गलका झाला, "शिवला! शिवला!" तिनं मान फिरवून बघितलं नाही. तोंडातली जीभ सोडवण्यात ती गुंतली होती. खंडूनं उरलेली वाइन पाण्यात सोडली, थोडा वेळ पाणी जांभळं दिसलं आणि गेलं. गुरुजी पिंपरीला पळाले. मंजुळाबाई लोकांना सांगत होत्या, लेकाचा आत्मा मोकळा झाला. बायका स्वरूपाकडे बघत होत्या, आता तरी रडेल. ती रडली नाही. तोंडात कोरड तेवढी होती.

संध्याकाळी पाहुणे पांगले. वर्षाली आजीच्या अंथरुणावर झोपून गेली होती. तेराव्याच्या पुऱ्यांना पीठ लागणार होतं, म्हणून स्वरूपानं पलंगाखालचं पिंप ओढलं, झाकण काढलं आणि सवयीनं आधी हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. गहू गार होते, दाणे बोटांमधून सरकत होते, निंबाची वाळकी पानं हाताला लागत होती. ती आणखी वाकली. खांदा पिंपाच्या काठाला टेकला. तळ लागला.

"काय धुंडतीस गं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"बाटली."

"अगं बाई, ती तर आपण सकाळी..."

"ठाऊक आहे, आत्याबाई." तिनं हात बाहेर काढला नाही. "मला थांब म्हणाले होते. दहा वर्षं थांब म्हणाले होते. मी थांबले असते हो."

आणि मग स्वरूपा रडली. पिंपात हात तसाच ठेवून, काठावर कपाळ टेकून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. मंजुळाबाईंनी तिला गप्प केलं नाही. त्या पिंपाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या, आपलाही हात गव्हात घातला आणि चाचपत चाचपत सुनेचा हात धरला. गहू भिजतील, एवढंसुद्धा त्या म्हणाल्या नाहीत.