चौथा पत्ता

ताई-भैयांनो, आज दुपारी शंकर नगरच्या ट्यूशनमध्ये पत्ते घेऊन संभाव्यता शिकवून राहिली होती. एक पत्ता काढायचा, पाहायचा, परत गड्डीत टाकून पिसायचं.

दहावीतल्या एका पोट्टीले तीनदा बदाम आलाच नाही. म्हणे, "दीदी, अब तो आएगा ही न?"

"नाही बेटा. पत्ता परत टाकला की गड्डीले मागचं काही आठवत नाही. चान्स तेवढाच, चारात एक."

म्हटलं अन् मलेच सकाळचं आठवलं. सकाळीच डॉक्टरीणबाईंले मी हेच विचारून आली होती, "मॅडम, आयव्हीएफ तीनदा फेल झालं. आता तर दिवस राहतीलच न?"

बारा वर्षं झाली गणित शिकवून राहिली मी!

पोट्टीनं चौथा पत्ता काढला. मले पाहायची हिंमतच नाही झाली. तुम्ही पाहिला असता का?