इंदूच्या मोबाईलची हजेरी

भूतबित मी मानत नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. श्राद्ध नाही, पिंड नाही, माणूस मेलं की मेलं. या ग्रुपवरचे पिंपळाचे अन् स्मशानाचे अनुभव मी वाचते आणि हसते. तरी लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी कोणाला यातलं काही उलगडलं तर पाहावं. मी चौथी शिकलेली. कॉम्प्युटरचं जे आहे ते सुनेला विचारून लिहिलं आहे.

आमचं गाव सेवाग्रामच्या पुढं, हमदापूरच्या रस्त्याला. बुद्धविहाराला लागून टिनाची खोली आहे, तिथं आमचा बायांचा बचत गट बसतो. मूगवड्या, कुरड्या, सरगुंडे करतो. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक पट्टी काडीवर गुंडाळून वाळवायची. नागपूरच्या एका कंपनीनं असा माल विकायला वेबसाइट काढली आणि माझी सून करुणा हिला घरून करायचं काम दिलं. आधी काम पाहू, मग पक्कं करू, या बोलीवर.

वेबसाइट कोणी उघडली, कुठून उघडली, कोणतं पान पाहिलं, किती वेळ थांबलं... ही सगळी नोंद रोज क्लाऊडवरच्या डेटा वेअरहाऊसमध्ये पाठवायची, हे तिचं काम. वेअरहाऊस म्हणजे गोदामच, फक्त ते कोणी पाहिलेलं नाही. त्यावरून कंपनी ठरवते काय ठेवायचं अन् काय काढायचं. प्रत्येक मोबाईलला वेबसाइट एक नंबर देते, म्हणजे तोच मोबाईल पुन्हा आला की कळतं.

आता आमच्या बायांची करामत. दुकानापुढं गर्दी दिसली की गिऱ्हाईक थांबतं, हे आम्हाला आठवडी बाजारात शिकायला मिळालं. मग वेबसाइटलाही तेच लागू, असं आमच्या गटातल्या इंदूनं ठरवलं. सकाळी खोलीत आलं की आधी सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर वेबसाइट उघडायची, मग कणीक भिजवायची. हजेरीच म्हणा.

"काऊन वं, उघडली का साइट? का नुसती चहा पेऊन आली?" असं ती दारातच विचारायची.

स्वतः ती सरगुंड्यांचंच पान उघडायची. त्यात पार खाली कंपनीच्या माणसानं काढलेला तिच्या हातांचा फोटो होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "हे पाह्य, माहे हात. तोंड नाई घेतलं मेल्यानं." मग वर जायची, पुन्हा खाली यायची.

उन्हाळ्यात इंदू गेली. हार्ट. तिचा मोबाईल आधीच फुगला होता, वर्ध्याच्या दुकानदारानं बॅटरी काढून ठेवली होती. मुलाला नको होता, म्हणून मी आणला. माझ्या डब्यात पडून होता.

दिवाळीनंतर नागपूरच्या साहेबांच्या लक्षात आलं की आमच्या पानांवर येणारं बहुतेक गिऱ्हाईक आमच्याच गावचं. करुणाला सांगितलं, हे सगळे नंबर गाळून टाक. साइट सुरू झाली त्या दिवशी तिनं प्रत्येकीच्या मोबाईलवरून एकेक खोटी ऑर्डर टाकून पाहिली होती, त्यावरून कोणाचा नंबर कोणता ते तिला ठाऊक होतं. इंदू वारलेली, म्हणून तिचा नंबर गाळायचं कारण नव्हतं. बाकी सगळ्या गाळल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामात गावचा एक मोबाईल उरला. सरगुंड्यांचं पान, खाली, वर, पुन्हा खाली. रोज सकाळी. तो नंबर इंदूचा, अन् मागच्या नोंदी पाहिल्या तर ती मेल्यावर एक दिवसही खाडा नव्हता.

साहेबांना वाटलं, करुणा आपल्या गटासाठी खोटी नोंद घालते. फोनवर म्हणाले, "खुलासा द्या, नाहीतर काम थांबवावं लागेल." ती जेवलीच नाही. मी म्हटलं, त्यालेच बोलाव इथं.

साहेब आला. तिशीतला पोरगा, बोलायला नरम. आमचे सगळे मोबाईल बंद करून एका घमेल्यात ठेवायला लावले. इंदूचा मी डब्यातून काढून त्याच्यापुढं ठेवला. लॅपटॉपवर त्यानं आत्ता साइटवर कोण आहे ते लावलं. आमच्या गावचं कोणी नव्हतं. शून्य.

"पाहा काकू, कोणीच नाही," तो म्हणाला.

"थांबा जरा. ती चहा पेऊन येते," गीताबाई म्हणाली. बाया हसल्या.

मग शून्याचा एक झाला. वर्धा, आमचं गाव साइटला असंच दिसतं. सरगुंड्यांचं पान. खाली गेलं अन् थांबलं. नंबर इंदूचा.

साहेबानं तो मोबाईल उलटा केला, बॅटरीच्या रिकाम्या खाचेत बोट घालून पाहिलं. घमेल्यातले सगळे पुन्हा तपासले. म्हणाला, नंबर दुसऱ्या मोबाईलमध्ये गेला असेल, असं होतं कधीकधी. माझा भाचा इंजिनिअर आहे, तोही नंतर तेच म्हणाला. कसा गेला, कोणाच्या मोबाईलात गेला, ते दोघांनाही सांगता आलं नाही. अन् रोज तोच फोटो का, तेही नाही.

"करुणा, हाही नंबर फिल्टरमध्ये टाका," साहेब लॅपटॉप मिटताना म्हणाला. "मग आपला डेटा बरोबर आहे. तुमची काही चूक नाही."

करुणानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "टाक."

तिनं टाकला. पुढच्या महिन्यात तिचं काम पक्कं झालं.

गाळलं म्हणजे येणारं यायचं थांबत नाही, गोदामात दिसत नाही इतकंच, हे तिनंच मला समजावलं. परवा भाकरी करता करता तिनं विचारलं, "आई, एक दिवस काढून पाहू का फिल्टर? कोणाले कळणार नाई."

मी म्हटलं, "दिसली तं तुहं काम जाईन. नाई दिसली तं ती गेली. कायले पाहाचं?"

तिनं भाकरी उलटवली.