झुंबरबाईंच्या पोटातील पंप

आमच्या कोडोलीच्या झुंबरबाई यांच्या पोटात, कातडीखाली, पंप आहे. त्यांना तरुणपणापासून मधुमेह असून रोजच्या इंजेक्शनांनी त्यांच्या मांड्यांची चाळण झाली होती. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी नवा प्रयोग म्हणून इन्सुलिन सोडणारी एक चपटी डबी त्यांच्या पोटात बसविली. तिच्यात औषध भरून घेण्यासाठी त्यांना अधूनमधून पुण्यास जावे लागते. गावाने या गोष्टीस योग्य तो मान दिला नाही.

"आक्का, किती हॉर्सपॉवरचा हाय? लाइट गेल्यावर कसं?" असे त्यांना भर चौकात विचारले जाई.

"तुझ्या दारातनं आकडा टाकीन की," असे त्या उत्तर देत.

यंदा झुंबरबाई दूध संस्थेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. ज्यावर दर ठरतो ती दुधाची फॅट बंद खोलीत यंत्रावर लावली जाते, ती सर्वांच्या डोळ्यांदेखत लावावी, एवढीच त्यांची मागणी होती. चिन्ह त्यांनी हातपंप घेतले. त्या खोलीची किल्ली ज्यांच्या कमरेला असे, ते सयाजीराव त्यांच्या विरुद्ध उभे होते.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग लागली असता झुंबरबाईंच्या पोटातून टीं टीं असा आवाज आला. औषध कमी झाल्याची ती सूचना होती.

"बाई, मोबाइल बाहेर ठेवा," मतदान अधिकारी म्हणाले.

"मोबाइल न्हाय साहेब, पंप हाय."

हे ऐकताच सयाजीराव पुढे आले. "हरकत हाय माझी! चिन्ह घिऊन आत आल्यात. ह्यांची उमेदवारी रद्द करा!"

अधिकाऱ्यांनी नियमांचे पुस्तक चाळले; परंतु त्यात पोटाविषयी काहीच नव्हते.

"तो काढून बाहेर ठेवता येईल का?"

"येईल की. विळी हाय का तुमच्याकडं? पण कापल्यावर शिवणार कोण, हे सयाजीराव?"

रांगेत हशा पिकला. सयाजीराव अधिकच तापले. "पोटात असू दे न्हायतर पदराखाली, पंप त्यो पंपच! पंप म्हंजे पंप!"

"साहेब," झुंबरबाई म्हणाल्या, "चिन्हातल्या पंपाला दांडा हाय. माझ्या पंपाला दांडा न्हाय. खोटं वाटत असंल तर एखादी बाईमाणूस बोलवा, दाखवते."

अधिकाऱ्यांनी मतपत्रिकेवरील चित्र बारकाईने पाहून दांड्याची खात्री केली व हरकत फेटाळली. शिवाय, केंद्रात उमेदवाराचे चिन्ह मोठ्याने पुकारल्याबद्दल त्यांनी सयाजीरावांनाच बाहेर जाण्यास सांगितले.

"आवो, मी ह्यांच्या विरोधात हाय!"

"ते मला माहीत नाही. पंप पंप तुम्हीच ओरडताय."

झुंबरबाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. फॅटचे यंत्र व्हरांड्यात आले. दुसऱ्याच सकाळी सयाजीरावांनी आपले दूध आणले, तेव्हा त्यांची फॅट प्रथमच खाली उतरून इतरांएवढी लागली.

"आक्का, तुमच्या पोटानं पाडलं बघा मला," ते म्हणाले.

"पोटानं न्हवं, तुमच्या तोंडानं. सरका फुडं, माणसं खोळंबल्यात."