टेड हालिकचा फोटो कुणाकडे आहे?

त्या शनिवारी आम्ही चौदा जण कालव्यावर होतो. चौदा! प्रत्येकाने त्या जहाजाचे पाचपन्नास तरी फोटो काढले असतील. आणि टेड हालिकच्या बायकोने त्यातला एकच मागितला, नवऱ्याचा शेवटचा, तर आमच्या एवढ्या महागड्या कॅमेऱ्यांमधून तिला द्यायला काहीही निघालं नाही. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण ते सांगायचं तर आधी अर्डिसबद्दल सांगायला हवं. तडाखा सगळ्यात जास्त तिला बसला, आणि चूक सगळ्यात कमी तिची होती.

अर्डिस न्युगार्डने आमच्या डुलुथ या बंदराच्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. उणे तीसच्या थंडीतसुद्धा चालवली, आणि एकही पोर रस्त्यावर विसरली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेतल्या लोकांनी वर्गणी काढून तिला कॅमेरा दिला. बाईने आयुष्यात वाढदिवसाचे केकसुद्धा नीट टिपले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची, थर्मास आणि अंड्याचं सँडविच घेऊन ती कालव्यावर हजर झाली, ती आजतागायत रोज येते.

कालवा अरुंद आहे. जहाज त्यातून बंदराबाहेर, समुद्राएवढ्या तलावात निघतं तेव्हा इतकं जवळून जातं की डेकवरचा माणूस शिंकला तर आपण 'जपून रे बाबा' म्हणावं. भोंगा झाला, जहाजाला वाट द्यायला कालव्यावरचा पूल वर गेला, की आम्ही सगळे डोळे कॅमेऱ्याला चिकटवतो. अर्डिसचं तसं नाही. ती आधी डेकवर कोण कोण आहे ते बघते, चार शब्द ओरडून बोलते, आणि जहाज निम्मं पुढे गेलं की तिला कॅमेरा आठवतो.

आमचा ऑनलाइन कट्टा आहे, 'कालव्याकाठचे' नावाचा. रोज संध्याकाळी सगळे आपापले फोटो तिथे टाकतात, गप्पा हाणतात, जुन्या वादळांच्या बाता मारतात. कट्ट्याचा कारभार डर्क व्हिटलसीकडे. दाताचा डॉक्टर, मिनिआपोलिस शहराकडचा, शनिवार-रविवारी येणारा. त्याच्या लेन्सच्या किमतीत माझी गाडी आली असती. दर रविवारी हा सगळ्यांचे फोटो तपासायचा आणि खाली शेरे मारायचा. आणि आम्ही, पन्नाशी-साठी उलटलेली माणसं, तिसरीतल्या पोरांसारखी त्या शेऱ्यांची वाट बघत बसायचो. लाज वाटते सांगायला, पण बसायचो.

डर्कचे नियम दोन. एक, चित्रात नको ते ठेवायचं नाही. खांब, वायरी, कचऱ्याचा डबा, मध्येच आलेला माणूस, सगळं संगणकावर पुसून टाकायचं. जहाज कसं स्वच्छ दिसलं पाहिजे! दुसरा नियम, कचरा साठवायचा नाही. एका जहाजाचा एकच फोटो ठेवायचा, बाकीचे उडवायचे, कार्ड रिकामं करायचं, पुढच्या जहाजाला तयार. आम्ही हे दोन्ही नियम देवाने सांगितल्यासारखे पाळले.

अर्डिस एकही पाळायची नाही. डर्कने लिहावं, "अर्डिसबाई, क्षितिज वाकडं आहे." हिने खाली लिहावं, "तलावच वाकडा झाला असेल, उद्या जाऊन बघते." डर्कने लिहावं, "डाव्या कोपऱ्यातला माणूस काढा." हिने लिहावं, "तो स्वयंपाकी आहे. त्याला काढला तर जहाजावर जेवायचं काय?" तिच्या फोटोंना कुणी फारसं नावाजायचं नाही. पण मिशिगनमधून, ओहायोमधून कुणी कुणी बायका तिला निरोप पाठवायच्या, की आमचा पोरगा दिसला, बरा दिसतोय, थँक्यू. त्या कट्ट्यावर इतर काही बोलायच्या नाहीत. अर्डिसचे फोटो बघायलाच यायच्या. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही.

कट्टा दर वर्षी कॅलेंडर काढतो. बारा महिने, बारा फोटो. नऊ वर्षांत अर्डिसचा एकही लागला नाही. ती बोलायची नाही, पण एकदा मला विचारलं होतं, "रॉय, माझे फोटो खरंच एवढे भिकार असतात का रे?" मी म्हटलं, "भिकार नाही ग, गजबजलेले असतात." काय मोठा शहाणा मी!

तर तो ऑक्टोबरचा शनिवार. टेकडीवरून ऊन तिरपं आलेलं, पाणी तांब्यासारखं लाल, आणि लोखंडाच्या खनिजाने भरलेलं एक हजार फुटी जहाज सावकाश बाहेर चाललेलं. असं ऊन वर्षातून दोनदा मिळतं. सगळं जुळून आलं होतं, फक्त डेकवर कठड्याशी केशरी जाकीट घातलेला एक खलाशी उभा होता. "अरे, हा बाबा नेमका आत्ताच कुठून उगवला!" डर्क ओरडला. आम्ही हसलो. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी अर्डिस, फोटो कट्ट्यावर न टाकताच, लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात. "रॉय, मला ते पुसायचं शिकव बघू. एकदा तरी त्या दातवाल्याचं तोंड बंद करू."

"नक्की? तू तर माणसं काढत नाहीस."

"एकदाच. मग नाही."

मी शिकवलं कसलं, मीच पुसलं. माझ्या या बोटाने. दोन मिनिटांचं काम. केशरी जाकीट गेलं, मागचा कठडा सरळ जोडला, क्षितिज सरळ केलं. अर्डिस म्हणाली, "आता सेव्ह कर," आणि मी मूळ फोटोवरच सेव्ह केलं. वेगळी प्रत ठेवायला काय धाड भरली होती मला? पण सवय! कचरा साठवायचा नाही ना! तिथल्या तिथे तिचं कार्डही रिकामं करून दिलं.

डर्कने त्या फोटोखाली लिहिलं, "अखेर." एकच शब्द. आणि तो फोटो कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानावर घेतला. अर्डिसने त्या दिवशी कालव्यावर सगळ्यांना लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, वाटल्या.

तीन आठवड्यांनी कट्ट्यावर एक निरोप आला. रोझान हालिक, मिशिगनमधलं गाव. 'माझा नवरा टेड त्या जहाजावर होता. पुढच्या बंदरात उतरल्यावर तो हृदयविकाराने गेला. एकोणीस ऑक्टोबरला डुलुथमधून निघताना डेकवर त्याचीच पाळी होती. तुम्ही सगळे तिथे होतात असं दिसतंय. केशरी जाकिटातला माणूस कुणाच्या फोटोत आहे का? कसाही चालेल.'

कसाही चालेल!

मग शोधाशोध. सहा जण पलीकडच्या बाजूला उभे होते, त्यांच्या फोटोंत तो डेकवरच्या यंत्राच्या आड गेलेला. उरलेल्या आठ जणांकडे तो होता, आणि आठही जणांनी त्याला पुसला होता. आठही! एखाद्याने तरी आळस करावा की नाही? अर्डिसने कार्ड दुकानात नेलं, काही परत मिळतं का बघायला. दुकानातल्या पोरीने दोन दिवस खटपट केली आणि सांगितलं, "आजी, यावर नंतर इतकी जहाजं गेलीत, खालचं काही उरलं नाही."

डर्कने काय लिहावं? 'आम्हाला अतीव दुःख आहे. कट्ट्यातर्फे त्या जहाजाचा एक सुंदर फोटो फ्रेम करून पाठवत आहोत.' सुंदर म्हणे! मी त्याला फोन करून चांगला झाडला. तो म्हणाला, "रॉय, उगाच तापू नकोस. आपल्याला काय माहीत होतं तो मरणार आहे?"

"मरायला हवा होता का तो, दिसायला?" मी म्हटलं आणि फोन आपटला.

रोझानने फ्रेम पाठवू नका असं कळवलं. मीच येते, म्हणाली. अकरा तास गाडी चालवून आली. बारीकशी बाई, नवऱ्याचंच असावं असं मोठं जाकीट घातलेली. कालव्यावर आम्ही पाचसहा जण. डर्कही आला होता, फ्रेम ब्राउन पेपरात गुंडाळून.

अर्डिस पुढे झाली. "मी अर्डिस. तुमचा नवरा माझ्या फोटोत सगळ्यात मोठा होता. मी तो पुसून घेतला. मला शाबासकी हवी होती." माझं नाव तिने घेतलं नाही. मी म्हणालो, "पुसला मी."

रोझान म्हणाली, "कुठे उभा होता?"

अर्डिसने कॅलेंडरसाठी निवडलेला तो फोटो पिशवीतून काढला आणि सरळ, स्वच्छ कठड्यावर बोट ठेवलं. "इथे. एक पाय खालच्या गजावर. डोक्यावर हिरवी टोपी होती, विणलेली, तिला वर दोन गोंडे. मी ओरडले, 'अहो, ही कसली टोपी!' तर तिकडून म्हणाले, 'बायकोने विणलीये! काढली तर घरात घेणार नाही!'"

रोझानने तोंडावर हात ठेवला. हसली की रडली, मला कळलं नाही. "मला वाटायचं, गाव सोडलं की तो ती बॅगेत टाकतो," ती म्हणाली. "पोरांसमोर मी त्याला सतरा वेळा बोलले. म्हटलं, घालत नाहीस तर कशाला मागून घेतोस विणून."

"घातली होती," अर्डिस म्हणाली. "कानांपर्यंत ओढून."

रोझानने ते पुन्हा सांगायला लावलं. अर्डिसने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं, शब्द न् शब्द तोच. आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाही त्या माणसाच्या डोक्यावर टोपी होती हेसुद्धा आठवत नव्हतं. आणि मी? मी ती टोपी स्क्रीनवर हाताएवढी मोठी करून पुसली होती. एकेक गोंडा वेगळा. मला आठवायला हवी होती की नको?

तेवढ्यात डर्क फ्रेम घेऊन पुढे आला. "कट्ट्यातर्फे," तो म्हणाला. तिने कागद थोडा फाडून आत बघितलं. लाल पाणी, सोनेरी जहाज, रिकामा डेक.

"छान आहे," ती म्हणाली आणि फ्रेम त्याच्या हातात परत दिली. "पण मला एक सांगा. एवढं हजार फुटांचं जहाज. तो तेवढा एकटा तुम्हाला आडवा येत होता?"

डर्कने आमच्याकडे बघितलं. आम्ही कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही. रोझान अर्डिसच्या घडीच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "टोपीचं पुन्हा एकदा सांगा."